चुना, सुरखी आणि आपल्या ग्रंथालयाची भिंत

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातील उत्तरेकडच्या भिंतीचा गिलावा एका रात्रीत सुमारे दोन हात रुंदीचा खाली आला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. दोन कपाटे मात्र भिजली आणि जुन्या मासिकांचे काही बांधीव खंड उन्हात वाळत घालावे लागले. सकाळी मंडळी जमली, तेव्हा सर्वांच्या नजरा पुस्तकांकडे होत्या. एका तरुण सभासदाने मात्र भिंतीकडे बोट दाखवून विचारले, “काका, ही आत लाल माती कशी?” पडलेल्या करड्या सिमेंटच्या थरामागे दगडांच्या सांध्यांतून गुलाबीसर लाल रंगाचा दर्जा दिसत होता. ती माती नव्हती. ती सुरखी होती.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या नोकरीत गेल्यामुळे संपादक मंडळाने या लाल पुडीविषयी शताब्दी ग्रंथात लिहावे, अशी सूचना केली. विषय रुक्ष वाटेल अशी भीती मनात होती व अद्याप आहे. परंतु ज्या भिंतींनी आपल्या चार पिढ्यांची पुस्तके सांभाळली, त्या कशाने उभ्या राहिल्या हे सभासदांस ठाऊक असावे. शिवाय त्या भिंतींचे पुढे काय करावयाचे याचा निर्णय कार्यकारी मंडळापुढे अजून आहे, हेही लिहिण्यास एक कारण झाले.

‘सुर्ख’ म्हणजे लाल. या फारसी शब्दावरून सुरखी हे नाव आले. भाजलेल्या विटा फोडून, कुटून, चाळून केलेली भुकटी म्हणजे सुरखी. वीटभट्टीत मोडलेल्या, वाकड्या निघालेल्या विटा, कौलांचे तुकडे, कुंभाराच्या आव्यातील खापरे असे सारे तिच्या कामी येई. चुना, वाळू व सुरखी ही तीन द्रव्ये चुन्याच्या घाणीत पाणी घालून मळली जात. आपल्याकडील किल्ल्यांवर फिरलेल्यांनी ही घाणी पाहिली असेल. जमिनीत गोल दगडी चर असतो व त्यात उभे ठेवलेले जड दगडी चाक असते. बैल गोल फिरत, चाक चरातून दळत जाई आणि मिश्रण लोण्यासारखे मऊ होईपर्यंत हे काम चाले. महाराष्ट्रातील अनेक गडांवर आज तटबंदी ढासळली, वाडे जमीनदोस्त झाले, पण घाणीचे चाक तेवढे जागच्या जागी पडलेले दिसते.

चुन्यात सुरखी कशासाठी घालावयाची हा खरा प्रश्न. ती स्वस्त होती व वाळूला पर्याय म्हणून घातली जाई, असे अनेकांना वाटते. नोकरीच्या आरंभी माझीही तीच समजूत होती. वस्तुस्थिती निराळी आहे.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो फुगतो, तापतो आणि विरतो. हा विरवलेला चुना भिंतीत घातल्यावर हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. पण हवा पोहोचली तरच हे घडते. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीच्या पोटात हवा पोहोचण्यास फार काळ लागतो, आणि धरणाच्या किंवा विहिरीच्या बांधकामात तर ती पोहोचतच नाही. म्हणून नुसत्या शुद्ध चुन्याचे बांधकाम बाहेरून कठीण झाले तरी आत वर्षानुवर्षे मऊ राहते, आणि पाण्यात ठेवले तर विरघळू लागते. चुना जितका शुद्ध, तितका या कामी दुबळा! आपल्या गवंड्यांना हे रसायनशास्त्र न शिकताही माहीत होते.

मातीत सिलिका व अल्युमिना ही द्रव्ये असतात. कच्च्या मातीत ती घट्ट रचनेत बांधलेली असल्याने चुन्याशी त्यांचे फारसे जमत नाही. माती साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की तिच्या कणांतील बांधलेले पाणी निघून जाते, ती रचना मोडते आणि सिलिका व अल्युमिना चुन्याशी संयोग पावण्यास मोकळी होतात. मग ओलाव्याच्या सान्निध्यात चुना व ही भुकटी मिळून एक नवेच चिकट, न विरघळणारे द्रव्य तयार होते. त्याला हवेची गरज नसते. ते भिंतीच्या पोटात होते, तसेच पाण्याखालीही होते. सुरखीचे सारे मर्म एवढेच आहे.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. वीट फार भाजली, काळपट झाली, काचेसारखी वाजू लागली की तिच्यातील ही शक्ती बरीचशी नाहीशी होते, कारण अति उष्णतेने कण पुन्हा नव्या, घट्ट रचनेत जमतात. सरकारी बांधकामाच्या जुन्या नियमपुस्तकांत सुरखीसाठी चांगल्या भाजलेल्या विटा घ्याव्यात असा आग्रह असे. तो आग्रह कच्ची माती मिसळली जाऊ नये म्हणून योग्यच होता, पण त्याच आग्रहापायी पुष्कळ ठिकाणी निर्जीव भुकटी वापरली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेत सुरखीचा पद्धतशीर अभ्यास झाला, आणि माती कोणती व ती किती तापवली यावर सुरखीचा गुण ठरतो ही गोष्ट आकड्यांनिशी पुढे आली. पुढे भाजलेल्या मातीच्या या भुकटीसाठी भारतीय मानकही तयार झाले.

ही विद्या केवळ आपली नव्हे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात लिहून ठेवले आहे, की नदीची किंवा समुद्राची वाळू वापरावयाची असेल तर तिच्यात एक तृतीयांश कुटून चाळलेली खापराची भुकटी घालावी, त्याने चुना अधिक चांगला होतो. ही सुरखीच झाली. त्याच ग्रंथात त्याने बायी या गावाच्या आणि व्हेसुव्हिअस पर्वताच्या परिसरातील एका नैसर्गिक पुडीचे वर्णन केले आहे. ती चुन्यात मिसळली असता समुद्राच्या पाण्याखालीदेखील बांधकाम घट्ट होते. ज्वालामुखीने जे भाजून ठेवले ते माणसाला वेगळे भाजावे लागले नाही. जवळच्या पॉझ्झोली गावावरून या पुडीला पॉझोलाना हे नाव मिळाले, आणि आज जगभर अशा सर्व द्रव्यांचे ते सामान्यनाम झाले आहे. राजा हेरोदाने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर सीझरिया हे बंदर बांधले, तेव्हा ही पूड नेपल्सच्या आखातातून जहाजांनी नेली गेली. रोममधील पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट सुमारे १९०० वर्षे लोखंडाच्या एका सळईवाचून उभा आहे, त्याच्या पोटातही हीच पूड आहे.

रोमच्या ऱ्हासानंतर युरोपात ही विद्या बरीचशी मागे पडली. तिचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांत जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याचे नाव घ्यावे लागते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर समुद्रातील एडिस्टन खडकावरचा दीपस्तंभ १७५५ मध्ये जळाला. नवा दगडी स्तंभ बांधण्याचे काम स्मीटनकडे आले. लाटांच्या माऱ्यात टिकेल असा चुना शोधताना त्याने निरनिराळे चुनखडीचे दगड आणून तपासले. ज्या दगडात मातीचा अंश आहे त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हे त्याच्या ध्यानात आले. शुद्धतेत गुण आहे ही शतकांची समजूत त्याने उलटी केली. त्या चुन्यात त्याने इटलीहून आणलेली पॉझोलाना समभाग मिसळली आणि १७५९ मध्ये स्तंभ पुरा केला. पुढे तो उतरवावा लागला तो खालचा खडक झिजू लागला म्हणून. स्तंभाचा वरचा भाग प्लिमथ येथे पुन्हा उभारण्यात आला, तो आजही पाहता येतो.

आपल्या देशात ज्वालामुखीची राख सहज मिळत नव्हती, पण माती व भट्टी गावोगाव होती. मोगल काळातील उत्तर हिंदुस्थानच्या इमारती, घुमट, हौद व कालवे यांच्या चुन्यात सुरखी आहे. चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद वगैरे घालण्याच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, आणि त्यांत तथ्यही आहे. पण त्या रंजक द्रव्यांनी लोकांचे लक्ष इतके वेधले, की ज्या साध्या लाल पुडीने प्रत्यक्ष भार उचलला ती विस्मृतीत गेली. किनारपट्टीवर, गोव्यात व कोकणात, शिंपल्यांचा चुना होई. तो फार शुद्ध असल्याने त्याला अशा जोडीदाराची गरज अधिकच. गंगा-यमुनेच्या मैदानात आणि दख्खनच्या पठारावर मात्र जमिनीत कंकर सापडतो. तो चुनखडीचाच खडा, पण मातीने मिसळलेला असतो. स्मीटनने जे हुडकून काढले ते आपल्या पायाखालीच पसरलेले होते. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्याची आणि रुडकीजवळच्या सोलानी जलसेतूची कामे याच कंकराच्या चुन्यावर व सुरखीवर झाली.

आता धरणांकडे वळू. सुरखीची खरी परीक्षा तेथे झाली.

मुठा नदीवरचे खडकवासल्याचे जुने धरण १८७० च्या दशकात कॅप्टन फाइफ यांच्या देखरेखीखाली चुन्यातील दगडी बांधकामात उभे राहिले. १२ जुलै १९६१ रोजी वरचे पानशेत फुटल्यावर तेही फुटले. ऐंशी वर्षे उभे असलेले ते धरण स्वतःच्या दोषाने गेले नाही. वरून आलेला लोंढा त्याच्या माथ्यावरून गेला.

केरळातील मुल्लपेरियार धरणाची कथा याहून विलक्षण आहे. पश्चिमेकडे वाहणाऱ्या पेरियार नदीचे पाणी सह्याद्रीतून बोगदा काढून पूर्वेकडील दुष्काळी मदुराई भागात न्यावयाचे, यासाठी ब्रिटिश सरकारने त्रावणकोर संस्थानाशी १८८६ मध्ये ९९९ वर्षांचा करार केला. १८८७ ते १८९५ या काळात जॉन पेनीक्विक या लष्करी अभियंत्याने धरण बांधले. उंची पायापासून सुमारे १७६ फूट, लांबी सुमारे १२०० फूट. दोन्ही अंगांना दगडी बांधकाम आणि पोटात चुना व सुरखीचे काँक्रीट अशी त्याची घडण आहे. घनदाट अरण्य, हिवताप, पावसाळ्यातील पूर यांतून हे काम झाले. मदुराईकडील शेतकरी आजही पेनीक्विकचे नाव आदराने घेतात.

पण १९७० च्या दशकाअखेरीस धरणाच्या सुरक्षिततेविषयी केरळात चिंता सुरू झाली. त्या चिंतेच्या केंद्रस्थानी होती आपली सुरखी. धरणाच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना विरघळून बाहेर जातो, मग आत पोकळी होत नसेल कशावरून, असा केरळचा सवाल. धरण मजबूत केले आहे, पाण्याची पातळी वाढवू द्यावी, असे तमिळनाडूचे म्हणणे. दरम्यान माथ्यावर प्रबलित काँक्रीटचे वजन चढवणे, धरणातून खाली खडकापर्यंत पोलादी दोर ताणून बसवणे आणि मागील अंगाला काँक्रीटची पाठ देणे ही कामे करण्यात आली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २००६ मध्ये पातळी १३६ फुटांवरून १४२ फुटांपर्यंत नेण्यास अनुमती दिली. केरळने त्याविरुद्ध केलेला कायदा ७ मे २०१४ च्या निकालाने रद्द ठरला. धरणाच्या खाली राहणाऱ्या लोकांची भीती मात्र निकालाने संपत नसते. ‘सुरखीचे धरण’ हा शब्दप्रयोग तेथे धोक्याचा पर्याय म्हणून वापरला जातो, हे त्या पुडीच्या वाट्याला आलेले दुर्दैव म्हटले पाहिजे. माझ्या मते दोष सुरखीला देणे बरोबर नाही. मुक्त चुना झिरपून जातो, सुरखीशी बांधला गेलेला चुना त्या मानाने पुष्कळ टिकतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या धरणाची रचना आजच्या भूकंप व पूर यांच्या हिशेबात बसते की नाही हा प्रश्न रास्त आहे, पण तो संपूर्ण रचनेचा प्रश्न आहे, एकट्या दर्जाचा नाही.

हे मी ठामपणे लिहितो त्याचे कारण आपल्या घरचे आहे. ग्वाल्हेरकरांना तिघरा धरणाची ओळख करून देण्याची गरज नाही, त्याचेच पाणी आपण पितो. चुन्यातील दगडी बांधकामाचे सुमारे २४ मीटर उंचीचे हे धरण बांधून होते न होते तोच १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले. पाणी माथ्यावरून गेले आणि धरणाचे दोन मोठे तुकडे सबंधच्या सबंध पुढे ढकलले गेले. माझ्या लहानपणी घरातील वडीलधारी मंडळी एखादी गोष्ट ‘तिघरा फुटले त्या साली’ घडली असे म्हणत, त्याअर्थी त्या पुराची धास्ती किती खोल गेली होती हे कळते. सबंध तुकडे सरकले याचा अर्थ काय? दर्ज्याने दगडांना सोडले असते तर धरण दगडादगडाने विस्कटले असते. येथे दगड एकमेकांना धरून राहिले व एकत्रच घसरले. दोष धरणाच्या पोटात नव्हता, ते ज्या पायावर बसले होते तेथे होता. धरणाची पुनर्बांधणी १९२९ मध्ये झाली.

याच तिघऱ्याला आणखी एक धागा आहे. विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना खडकवासल्याला १९०३ मध्ये पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडझाप होणारे दरवाजे बसवले होते. तीच पद्धत पुढे तिघऱ्याला व म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागराला वापरली गेली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेल्या या अभियंत्याने १९११ मध्ये सुरू केलेले कृष्णराजसागराचे काम १९३१ मध्ये पुरे झाले. सुमारे १३० फूट उंच व ८६०० फूट लांब एवढे अवाढव्य धरण सिमेंटऐवजी सुरखीच्या चुन्यात बांधले गेले. त्या काळी सिमेंट परदेशातून येई आणि संस्थानाच्या तिजोरीला तो खर्च झेपणारा नव्हता. आसपासच्या मातीतून सुरखी करता येत होती. काटकसरीतून निघालेला हा मार्ग नव्वदाहून अधिक वर्षे कावेरीचे पाणी अडवून उभा आहे.

आपल्या देशात सिमेंटचे उत्पादन खऱ्या अर्थाने १९१४ मध्ये पोरबंदर येथे सुरू झाले. त्यापाठोपाठ कटनी व बुंदी संस्थानातील लाखेरी येथे कारखाने निघाले. आपल्या संस्थानातही बानमोरला सिमेंट होऊ लागले, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्यांचे एकत्रीकरण झाले तेव्हा ग्वाल्हेरची कंपनी त्यांत होती. सिमेंट लवकर घट्ट होते, काम झपाट्याने उरकते आणि मोजमाप सोपे असते. घाणी, बैल, आठवडाभर मुरत ठेवलेला चुना यांना कंत्राटदाराच्या हिशेबात जागा उरली नाही. एका पिढीत घाण्या बंद पडल्या. दुसऱ्या पिढीत चुना ओळखणारे गवंडी नाहीसे झाले.

मग नियंत्रणाचा काळ आला. सिमेंट परवान्यावर मिळे. घराच्या एका खोलीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेले सभासद आपल्यांत पुष्कळ आहेत. हे नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. त्या टंचाईच्या दिवसांत पोत्यांत राख मिसळून विकणारे व्यापारी सर्वांनी पाहिले, आणि सिमेंटमध्ये दुसरे काहीही असले की ती भेसळच, अशी पक्की धारणा समाजात रुजली. ती अजून पुरती गेलेली नाही. दुकानात पोत्यावर पॉझोलाना हा शब्द दिसला की ‘राखेचे सिमेंट नको’ म्हणणारी सुशिक्षित मंडळी मला आजही भेटतात.

आणि नेमक्या याच काळात जगातील मोठे अभियंते सिमेंटमध्ये राख घालण्याच्या मार्गाला लागले होते. कारण होते उष्णता. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना तापते. घराच्या छतात ही उष्णता सहज निघून जाते, पण शंभर मीटर उंच धरणाच्या पोटात ती अडकून राहते, आणि निवताना काँक्रीट आकसून तडकते. शिवाय सिमेंट घट्ट होताना मुक्त चुना मागे उरतो आणि तो झिरपणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो. सिमेंटचा काही हिस्सा कमी करून त्या जागी सिलिकायुक्त पूड घातली, तर उष्णता कमी होते आणि ती पूड त्या मुक्त चुन्याला पकडून त्याचेच बांधणारे द्रव्य करते. चुन्याला जशी सुरखी हवी होती, तशीच ती सिमेंटलाही हवी होती!

लॉस एंजेलिसच्या जलवाहिनीच्या बांधणीत विसाव्या शतकाच्या आरंभीच सिमेंटबरोबर ज्वालामुखीचा दगड दळून मिसळण्यात आला. अमेरिकेतील माँटाना प्रांतातील हंग्री हॉर्स धरणात १९४८ ते १९५३ या काळात सुमारे १ लाख २० हजार टन राख वापरली गेली. ही राख म्हणजे औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळशाची पूड जाळल्यावर धुराबरोबर उडणारी बारीक राख होय. ती गोल, काचेसारख्या कणांची असते, आणि तिचा वंश थेट व्हेसुव्हिअसच्या पुडीशी सांगता येतो. आपल्याकडे १९६० च्या सुमारास उत्तर प्रदेशातील रिहंद धरणात सुमारे १५ टक्के सिमेंटच्या जागी अशी राख वापरण्यात आली. पुढे पॉझोलाना सिमेंटला भारतीय मानकाची मान्यता मिळाली. आजच्या मानकाप्रमाणे राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते. पोलादाच्या भट्टीतील मळीचे सिमेंट निराळे, त्यात मळीचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. महाराष्ट्रातील घाटघर येथील दाबून बसवलेल्या काँक्रीटच्या धरणात तर बांधणाऱ्या द्रव्यात निम्म्याहून अधिक राखच आहे.

अर्थात याला अटी आहेत, आणि त्या पाळल्या जात नाहीत ही माझी जुनी तक्रार. अशा मिश्रणाला पहिल्या आठवड्यात जोर कमी असतो. तो हळूहळू येतो, पण पाणी मिळाले तरच. सात दिवस पाणी मारून थांबणाऱ्याने दोन आठवड्यांची तयारी ठेवावी, छताखालचे टेकू घाईने काढू नयेत. एका बांधकामावर मी स्वतः तिसऱ्या दिवशी कोरडा ठणठणीत गिलावा पाहिला आणि नंतर भेगांचे खापर राखेवर फोडलेले ऐकले.

अलीकडे या इतिहासाने आणखी एक वळण घेतले आहे. सिमेंटचा मुख्य घटक जो क्लिंकर, तो १४५० अंशांवर भाजावा लागतो. एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० ते ९०० किलो कर्बवायू हवेत जातो आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग इंधनातून न येता खुद्द चुनखडीतून निघतो. तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे क्लिंकर कमी करणे. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि दिल्ली व मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून एक सिमेंट विकसित केले. त्यात क्लिंकर सुमारे ५० टक्के, भाजलेली माती ३० टक्के, न भाजलेली दळलेली चुनखडी १५ टक्के आणि उरलेला जिप्सम असतो. २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळाले. माती ७००-८०० अंशांवर भाजावयाची, बारीक दळावयाची आणि मिसळावयाची. ग्वाल्हेरच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला हे दाखवले असते तर त्याने विचारले असते, यात नवे ते काय? नवे आहे ते मापन, नियंत्रण आणि कोणती माती घ्यावी याचे ज्ञान. ते थोडे नव्हे. पण पुडी ओळखीची आहे.

आता आपल्या भिंतीविषयी. ती दगडी आहे, जाडी सुमारे दोन फूट. काही दशकांपूर्वी ओल दिसली म्हणून तिच्यावर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवण्यात आला. हेतू चांगलाच होता, आणि त्या वेळी कोणीही हेच केले असते. परंतु सुरखीच्या चुन्यात बांधलेली भिंत सच्छिद्र असते. पायातून चढलेले व पावसाचे पाणी तिच्या पृष्ठभागावरून वाळून जाते. त्यावर घट्ट सिमेंटचा थर बसला की पाणी आत कोंडते, आणखी वर चढते, आणि क्षार गिलाव्याच्या मागे साचून दगडाचे पापुद्रे सोडवतात. आपला वालुकाश्म यात फार लवकर सोलतो. गिलावा पडला त्या दिवशी दुरुस्तीसाठी बोलावलेल्या वयस्क मिस्त्रीने भिंतीवर हात फिरवून एवढेच म्हटले, “साहब, पानी कहीं तो जाएगा.” पुस्तकांच्या कपाटांत ते गेले.

कार्यकारी मंडळात दोन मते आहेत. पुन्हा सिमेंटचा गिलावा, त्यात जलरोधक रसायन, म्हणजे काम आठ दिवसांत उरकेल व खर्चही कमी, हे एक मत. सर्व सिमेंट खरवडून काढावे, सांधे चुना-सुरखीने भरावेत आणि त्याच चुन्याचा गिलावा करावा, हे दुसरे. त्याला वेळ लागेल, संदर्भ विभाग काही महिने बंद राहील, आणि वर्गणीदारांची गैरसोय होईल. माझे मत कोणते हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. पण ज्यांच्या खिशातून निधी जमावयाचा आहे त्यांना पहिले मत मांडणाऱ्यांची अडचणही कळली पाहिजे. चुन्याचे काम जाणणारा कारागीर शोधावा लागतो, चांगली सुरखी बाजारात तयार मिळत नाही, आणि चूक झाली तर ती सहा महिन्यांनी कळते.

म्हणून मंडळाने तूर्त एक मध्यम मार्ग काढला आहे. उत्तरेच्या भिंतीचा चार फूट रुंद पट्टा मोकळा केला आहे. सुरखीसाठी जवळच्या भट्टीतून मुद्दाम कमी भाजलेल्या, फिकट लाल विटा निवडून आणल्या, त्या हाताने फोडून बारीक चाळणीतून काढल्या. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू असे प्रमाण धरले. काम सुरू करण्यापूर्वी जुनी परीक्षा केली. मिश्रणाचा घट्ट गोळा करून सहा तास ठेवला, मग पाण्याने भरलेल्या भांड्यात सोडला. सुरखीवाचून केलेला गोळा संध्याकाळपर्यंत फुगून विरघळू लागला. सुरखीचा गोळा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी व आठवड्यानंतरही तसाच होता. ते भांडे ग्रंथपालांच्या टेबलाशेजारी खिडकीत ठेवले आहे. पट्ट्यावर गोणपाट टांगून तीन आठवडे दिवसातून दोनदा पाणी शिंपडण्याचे काम वाचनालयात सकाळी येणाऱ्या दोघा ज्येष्ठ सभासदांनी आपणहून घेतले. यंदाचा पावसाळा या पट्ट्यावरून गेल्यानंतर मंडळ निर्णय घेईल. तोवर त्या भिंतीलगतची कपाटे मधल्या दालनात हलवली आहेत, आणि जुन्या मासिकांचे खंड हवे असणाऱ्यांनी ते आधी कळवून मागून घ्यावेत.